त्यांची तिथी सापडली

मैत्रिणींनो, पितृपंधरवड्यात कुणाचं पान कोणत्या तिथीला वाढायचं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण ज्याची तिथीच घरात कुणाला ठाऊक नाही, त्याचं काय करायचं?

लातूरच्या माझ्या चुलतसासूबाईंचं हेच दुखणं होतं. त्या तान्ह्या असताना त्यांचे वडील मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धावर गेले, ते परतलेच नाहीत. ‘इटलीत गेले’ एवढंच गावात कळलं. आईनं शेवटपर्यंत मंगळसूत्र काढलं नाही. काकू सर्वपित्री अमावास्येला पान वाढायच्या आणि दरवर्षी म्हणायच्या, “कधी गेले, तेवढं तरी कळायला पाहिजे होतं गं.”

एके वर्षी मी मनावर घेतलं. नांदेडच्या शाळेत मुलांना इतिहास शिकवायचा आणि घरचाच इतिहास कोरा, हे काही बरं नव्हे!

सुरुवात ट्रंकेपासून केली. जुन्या लुगड्याखाली एक फाटकं पाकीट निघालं. त्यावर वडिलांचा पलटणीतला नंबर होता. तोच पुढे कामी आला.

१९१७ साली स्थापन झालेलं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी ठेवतं. मोबाइलवर त्या फुकट शोधता येतात. आधी काही केल्या नाव सापडेना. मग लक्षात आलं, साहेबाच्या कारकुनानं आपली नावं कानाला ऐकू येतील तशी इंग्रजीत लिहिलेली. यशवंतचं ‘येशवंत’ झालेलं!

हे यशवंत म्हणजे नाईक यशवंत घाडगे, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. शोधता शोधता त्यांची हकीकत वाचली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले, हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, तेव्हा तिच्याच दस्त्यानं लढले. शेवटी लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर सापडलेली नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. कबर सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक जवानांची नावं तिथं आहेत. २०२३ साली इटलीतल्या माँटोने गावानं घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. परक्या पोराची त्यांनी एवढी आठवण ठेवली!

आणि काकूंचे वडील? नंबर, गाव आणि बापाचं नाव जुळलं. नाव त्याच कॅसिनोच्या स्मारकावर. तारीख डिसेंबर १९४४ च्या पहिल्या आठवड्यातली. जुन्या पंचांगावरून मार्गशीर्ष वद्यातली तिथी निघाली. लातूरला जाऊन काकूंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्पच होत्या. मग म्हणाल्या, “आईला कळलं असतं तर तिनं वाट पाहणं सोडलं असतं.” थोड्या वेळानं आपणच म्हणाल्या, “नाही गं, बरंच झालं.” दोन्ही खरंच असेल, नाही का?

त्या मार्गशीर्षात काकूंनी स्वतः पुरणाचं पान वाढलं. मुलीनं करावं की नाही, हा प्रश्न घरात कुणी काढलाच नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असा कुणी असेल तर आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा, उद्यावर टाकू नका. पदकं घासून लख्ख करू नका बरं का, कधीकधी कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते झिजतं. जुनी पाकिटं, मनीऑर्डरच्या पावत्या रद्दीत घालू नका. आडनाव दोन-चार तऱ्हांनी लिहून पाहा. नुसतं नाव जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका, गाव आणि बापाचं नावही ताडून पाहा. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतला जवान असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. दिल्लीत २०१९ साली खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरही अशा जवानांची नावं कोरली आहेत.

सापडलेलं सगळं एका वहीत लिहून देवघराजवळ ठेवा. आपल्यामागून पान वाढणाऱ्या सुनेला ‘कुणाचं हे?’ असं विचारावं लागू नये.