दुकानासमोरची पथारी

नाशिकच्या मेन रोडवर सणासुदीला दुकानदार आणि पथारीवाले यांची खडाजंगी ठरलेलीच. दुकानदार भाडे भरतो, जीएसटी भरतो, नोकरांचे पगार देतो. आणि त्याच्याच पायरीपुढे कोणी चादर अंथरून तसाच माल कमी दराने विकतो. तक्रार खोटी नाही. मात्र ती करणाऱ्या पुष्कळ घराण्यांच्या आठवणीत एक लोटा-डोरी आहे. मारवाडातून वा गुजरातेतून निघालेला पूर्वज कापडाचे गाठोडे पाठीवर घेऊन खेडोपाडी फिरे, उधारीने माल देई. गावाचा विश्वास बसल्यावर त्याचे दुकान झाले. त्याची बोलीही गावाला परकीच होती.

आज तसे गाठोडे उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या तरुणाच्या खांद्यावर दिसते. दूर स्पेनमध्ये, बार्सिलोनात, सेनेगलहून आलेले विक्रेते चादरीच्या चारही टोकांना दोरी बांधून ठेवतात. पोलीस दिसला की दोरी ओढायची, गाठोडे उचलायचे आणि पळायचे. परक्याने पळण्याची वेळ नाशिकनेही पाहिली आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये हजारो उत्तर भारतीय शहर सोडून गेले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माणसांची वाण पडली.

पथारीवरचा माल तरी येतो कोठून? पुष्कळदा बाजारातल्याच घाऊक पेढीवरून, तोही उधारीवर. म्हणजे एका भावाचा गिऱ्हाईक तो दुसऱ्या भावाचा प्रतिस्पर्धी! पालिकेच्या गाडीत माल गेला की पेढीची वसुलीही अडकते. मापात खोट हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार. तो पथारीला लागू, तसाच पेढीलाही.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला हटवण्यास मनाई केली आहे. जप्त केलेला नाशवंत माल मागणीच्या दिवशीच, इतर माल दोन कामकाजी दिवसांत परत द्यावा, असेही त्यात आहे. हे कलम विक्रेत्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असावे. शहर विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. व्यापारी संघटनांनाही तेथे स्थान आहे. पायरीपासून किती अंतर, कोणत्या वेळा, कोणता रस्ता मोकळा, हे प्रश्न दुकानदाराने तेथे मांडावेत. समोर बसलेल्या विक्रेत्याकडेही त्यांची उत्तरे असतील.