जत्रेतला सरबताचा ठेला



चैत्र-वैशाखात गावोगावी जत्रा भरतात. अशा वेळी महिला मंडळाने चहा-सरबताचा ठेला लावला, तर मंडळाच्या पेटीत चार पैसे पडतात. पण उन्हातान्हातून लेकरेबाळे घेऊन आलेले लोक आपल्या भरवशावर पेला तोंडाला लावतात. त्यांच्या पोटाची जबाबदारी आपली. म्हणून नफ्याआधी स्वच्छतेचे बोलू.

पहिले पाणी. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण रोगजंतू मरत नाहीत. पाण्याला खळखळून उकळी आली की निदान एक मिनिट उकळत ठेवावे आणि झाकून गार करावे. बर्फ पाहून घ्यावा. माल थंड ठेवण्याच्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम महाराष्ट्रात 2018 साली आला. निळसर बर्फ दिसला तर तो पेल्यात टाकू नये.

दुसरे भांडे. कोकम, लिंबू, चिंच ही सारी आंबट. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट कळकते, त्यात तांबे उतरते आणि पिणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. हंडा चिंचेने घासून कितीही लखलखीत केला, तरी कल्हई नसेल तर त्यात सरबत करू नका. स्टीलचे पिंप किंवा चिनी मातीची बरणी बरी.

आता धुणे. तीन घमेली मांडा: पहिल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात उकळून घेतलेले. पाणी गढूळले की लगेच बदला. पेले फडक्याने पुसू नयेत, जाळीवर पालथे घालून वाळवावेत. दिवसभर तेच फडके फिरले, तर धुतलेला पेला पुन्हा घाण होतो.

घरीही उपयोगी पडतील अशा काही युक्त्या:

कपांना चहाचे डाग पडले असतील, तर ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन चोळावे.

अरुंद तोंडाच्या बाटलीत मूठभर तांदूळ, थोडे जाडे मीठ आणि कोमट पाणी घालून जोरात हलवावे.

दुधाची किटली आधी गार पाण्याने विसळावी, मग गरम पाण्याने धुवावी. आधीच गरम पाणी घातले, तर दूध भांड्याला चिकटून बसते.

स्टीलच्या पातेल्याला दूध करपून लागले, तर त्यात पाणी व सोडा घालून उकळावे आणि निवल्यावर लाकडी उलथन्याने खरवडावे. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये, ते काळे पडते.

एक धोक्याची गोष्ट लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी हिशेब. दहा लिटर सरबताचे 200 मिलिलिटरचे 50 पेले होतात. सकाळी किती लिटर केले आणि संध्याकाळी किती उरले, हे वहीत लिहिले, तर गल्ल्याशी मेळ बसतो आणि कोणावर संशय येत नाही. पाहुण्यारावळ्यांना फुकट दिलेले पेलेही लिहावेत. जिने पैसे हाताळायचे, तिने पेल्यांना हात लावू नये.

आणि पाळ्या लावाव्यात. गल्ल्यावर दिवसभर अध्यक्षीणबाई आणि घमेल्यांपाशी दिवसभर त्याच दोन सुना, असे चालू नये. राबणारी दमली की पेले नुसते बुचकळून पुढे येतात आणि त्याचा त्रास पिणाऱ्याला होतो. दर दोन तासांनी सगळ्यांनी जागा बदलाव्यात, अध्यक्षीणबाईंनीसुद्धा.

तुमच्या मंडळाची अशी काही रीत असेल तर जरूर कळवा. इतर भगिनींनाही ती उपयोगी पडेल.