मंद दिव्याची पत्रिका

‘लो व्होल्टेज’ हा शब्द देवरुखात पूर्वी शिवीसारखा वापरला जाई. तिन्हीसांजेला ट्यूबलाइट दोन्ही टोकांना लाल होऊन नुसती डोळे मिचकावू लागली, की घरोघरी तोच उद्गार निघे. आता तोच शब्द लोक पैसे मोजून विकत घेतात! छतात दडवलेले बारा व्होल्टचे दिवे, आणि ते मंद करायला भिंतीवर एक गोल खुंटी. तिला डिमर म्हणतात. पावसाळ्यात जो मंदपणा आम्हांला फुकट मिळायचा, त्याचं आता वेगळं बिल.

माझं भांडण मंद उजेडाशी नाही हो. समईपुढे परवचा म्हटलेला माणूस मी. आणि डिमर तरी नवा कुठे आहे? कंदिलाची वात खाली-वर करणारी चावी म्हणजे डिमरच. पण त्या कंदिलाचा बिघाड घरातल्या आजीलाही कळायचा. काच काळी झाली, वात कापा. भकभकला, तेल बघा. हल्ली दिवे फडफडले की वायरमन म्हणतो, ‘काका, दिवाच खराब हाय.’ दुकानदार म्हणतो, ‘वायरिंग जुनं.’ तिसरा म्हणतो, ‘तुमच्याकडची लाइटच तसली.’ लग्न मोडलं तर तिघेही जबाबदार नाहीत, कारण मुळात पत्रिका कोणी पाहिलेलीच नसते!

ती पत्रिका अशी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते, म्हणजे १०० उसळ्या. साधा डिमर प्रत्येक उसळीचा एक तुकडा कापून टाकतो. जुन्या बल्बला त्याचं काही वाटत नसे. तार तापलेल्या तव्यासारखी. जाळ क्षणभर काढला तरी भाकरी भाजतच राहते. एलईडीपाशी असा तवा नाही. तिथे ड्रायव्हर नावाचा एक छोटा कारभारी असतो आणि आलेली वीज सरळ करून देणं हेच त्याचं काम. म्हणजे एकाने कापायचं, दुसऱ्याने शिवायचं. कापड फडफडणार नाही तर काय? म्हणून ज्या दिव्यावर आणि ड्रायव्हरवर ‘डिमेबल’ लिहिलेलं नाही, त्याला डिमर जोडणं हा शुद्ध अत्याचार आहे.

दुसरा ग्रह वजनाचा. कित्येक जुन्या डिमरांना चाळीस-पन्नास वॅटचं ओझं तरी लागतं. तुमचे पाच वॅटचे सहा दिवे मिळून तीस. एवढ्याशा कामाला साहेब खुर्चीवर स्थिर बसत नाहीत.

तिसरा ट्रान्सफॉर्मरचा. लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर आणि हलका इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर यांना वेगवेगळ्या जातीचे डिमर लागतात. एक उसळीचं डोकं कापतो, दुसरा शेपूट. अदलाबदल झाली की माजघरात भुंगा शिरल्यासारखं गुणगुणतं. आणि पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावणाऱ्या महाभागांबद्दल मी लिहीत नाही. छापणाऱ्याला त्रास नको.

चौथा ग्रह तारेचा. ३६ वॅटला २३० व्होल्टवर जेमतेम ०.१६ अँपियर लागतात. बारा व्होल्टवर पुरे तीन. बारीक लांब तारेने एक व्होल्ट खाल्ला तर २३० मधून कळतही नाही, बारातून बारावा हिस्सा जातो. म्हणून शेवटचा दिवा नेहमी मंद. पंगतीच्या टोकाच्या पानावर वरण पातळ येतं, तसंच हे.

तेव्हा रोग शोधायचा तो या क्रमाने. मेन बंद करून लेबलं वाचा. वॅटांची बेरीज करा. मग त्याच ओळीत एका जागी तेवढ्याच व्होल्टचा जुना तारेचा दिवा लावून पाहा. बाकीचे शांत झाले तर ओझं कमी पडत होतं. तोही थरथरला तर डिमर किंवा जोड सैल. शेवटचाच मंद असेल तर तार जाड करा. आणि खुंटी चटका देऊ लागली किंवा जळका वास आला, तर पांडित्य सोडून मेन पाडा आणि वायरमनला बोलवा.

कोणी म्हणेल, दिवा जरा फडफडला तर एवढा आरडाओरडा कशाला? दिवाणखान्यात फडफडू दे हो, पाहुणे लवकर उठतील! पण हीच फॅशन आता पडवीतून न्हाणीघराच्या वाटेवर पोचली आहे. तिथे रात्री दोनदा उठणारी म्हातारी माणसं चालतात. पायरी आहे की सावली, हे त्यांना पावलापूर्वी दिसायला हवं. आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पायरीच्या कडेला फुरसंही बसतं. त्याला ‘डिमेबल’ वाचता येत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच. डिमर विकणाऱ्याने आधी दिवे कोणते, किती वॅटचे, ट्रान्सफॉर्मर कसला, हे विचारावं आणि बिलावर लिहून द्यावं. न विचारणाऱ्याकडून गिऱ्हाइकाने डिमर घेऊच नये. आणि पायरीवरच्या दिव्याला साधं बटण असावं: खाली केलं की लख्ख, वर केलं की बंद. मंदपणा दाखवायला घरात आम्ही माणसं पुष्कळ आहोत.