उचल फेडणाऱ्याची पत शून्य कशी?

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा जवळ आली की कळंब तालुक्यातले ऊसतोड मजूर गावाकडे परततात. कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो आणि घरोघरी एकच हिशेब सुरू असतो: उचल फिटली का? दसऱ्याच्या आधी नवराबायकोने, म्हणजे एका कोयत्याने, मुकादमाकडून लाखाच्या आसपास रक्कम अंगावर घेतलेली असते. ती नोटांनी फेडायची नसते. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचे, ऊस सवळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून फळीवर चढत ट्रॉली भरायची आणि टनाटनाने फेडायची. ताप आला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे पुन्हा बाकीत. बहुतेक जण ही उचल फेडतात, वर्षानुवर्षे फेडत आले आहेत. आणि हाच माणूस जून महिन्यात कळंबच्या बँकेत सातबारा, आठ-अ आणि शेजारच्या बँकांचे निल दाखले घेऊन पीककर्ज मागायला उभा राहिला, की काचेमागचे साहेब संगणकाकडे बघून सांगतात, "तुमचं सिबिलच दिसत नाही."

दिसणार कुठून? ज्या कर्जाने या तालुक्यातली कितीतरी घरे चालतात त्या कर्जाची नोंद मुकादमाच्या वहीत आहे, आणि मुकादमाची वही मुंबईला जात नाही. 2000 साली मुंबईत सिबिल ही पतमाहिती कंपनी स्थापन झाली, 2005 साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला, आज अशा चार कंपन्या देशभराची पत मोजतात. त्यांतल्या सिबिलची बहुतांश मालकी शिकागोच्या ट्रान्सयुनियनची आहे. कळंबच्या माणसाची पत कळंबच्या शाखेला शिकागोच्या कंपनीकडून विचारून घ्यावी लागते! 300 ते 900 या मोजपट्टीवर या माणसाला जागाच नाही. ज्याने कधी बँकेचे कर्ज घेतले नाही त्याच्या नावापुढे उणे एक. चोराची नव्हे, बुडव्याची नव्हे, कर्ज न घेतलेल्याची ही खूण. ऋण काढले नाही हा ज्या देशात उणेपणा ठरतो, त्या देशाच्या बँकिंगला काय म्हणावे?

न्यू जर्सीत उतरणाऱ्या मराठी इंजिनिअरलाही हा अनुभव येतो, हे आम्ही जाणतो. इथे फ्लॅटचे हप्ते बिनचूक भरलेले, तिथे गेल्यावर पाटी कोरी. पण त्याला तिथली बँक अनामत ठेवून कार्ड देते, तो सहा महिने बिले वेळेवर भरतो, त्याची पत उभी राहू लागते. परक्या देशात नव्याने आलेल्याला जे दार आहे, ते कळंबहून चाकणला कंपनीत कामाला गेलेल्या पोराला स्वतःच्या राज्यात सहजी सापडत नाही. ठेकेदाराकडे कंत्राटी नोकरी, चौघांत मिळून घेतलेली खोली, भाडे रोखीने, पावती नाही. हा पोरगा पाच वर्षे भाडे चुकवत नाही आणि त्या पाच वर्षांची कुठेही एक ओळ उमटत नाही. मोबाईलवरच्या ॲपने मात्र त्याला दोन मिनिटांत कर्ज मिळते, आणि एक हप्ता हुकला की त्याच्या आयुष्यातली पहिली पतनोंद काळी होऊनच जन्माला येते.

पतइतिहास नसलेल्याला दारातूनच परत पाठवण्याला रिझर्व्ह बँक अनुकूल आहे असे कुणी समजू नये. 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत तिने स्वच्छ सांगितले आहे की केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही, हाही नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. पीककर्जासाठी सिबिल मागाल तर गुन्हे दाखल करू, अशी तंबी राज्य सरकारने 2023 मध्ये दिली आणि मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत पुन्हा दिली. आमचा प्रश्न एवढाच: दुसऱ्यांदा का द्यावी लागली? पहिल्या तंबीनंतर बँकांनी ऐकले असते तर दुसरीची गरज काय होती? मंत्रालयात टाळ्या घेणारी गर्जना कळंबच्या शाखेत पोचेपर्यंत कुजबूजही उरत नाही. शाखाधिकारी म्हणतो वरून आदेश नाही, वरचा म्हणतो शाखेचा अधिकार आहे, आणि मधल्यामध्ये पेरणीचा वाफसा निघून जातो.

ज्यांचा इतिहास आहे त्यांची गत आणखी वाईट. 2017 च्या कर्जमाफीत दीड लाखावरची रक्कम भरून खाते एकरकमी मिटवा, असे सरकारनेच सांगितले. शेतकऱ्याने बायकोचे दागिने मोडून ती भरली. तडजोडीने मिटलेले खाते पतअहवालात 'सेटल्ड' म्हणून उमटते, म्हणजे पूर्ण फेडलेले नव्हे, आणि अशा नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवण्याचा नियम आहे. सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवल्याची ही शिक्षा! याउलट रिझर्व्ह बँकेच्या 8 जून 2023 च्या परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्ज थकवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची वाट बँकांना मोकळी करून दिली. कोटींच्या तडजोडीला वकील आणि वातानुकूलित बैठक, हजारांच्या तडजोडीला सात वर्षांचा डाग.

आणि आमच्या जिल्ह्याला तरी पतशिस्तीचे धडे कुणी शिकवू नयेत. धाराशिवची जिल्हा मध्यवर्ती बँक कुणामुळे बसली? कळंबच्या कोरडवाहू सोयाबीनवाल्यामुळे? तेरणा आणि तुळजाभवानी कारखान्यांकडे अडकलेल्या कर्जांनी तिचा श्वास कोंडला, हे जिल्ह्यातले शेंबडे पोरही सांगेल. ती कर्जे मंजूर होताना कुठल्या संगणकावर कुणाचा सिबिल उघडला होता? बँक आजारी पडली तेव्हा गावोगावच्या सोसायट्या सुकल्या, शेतकरी राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात आला आणि तिथे त्याला त्याची पत विचारण्यात आली.

सरकारी दारे बंद झाली की आठवड्याच्या हप्त्याची फायनान्स कंपनी दारात हजर. व्याज वीस टक्क्यांच्या वर. तिची नोंद मात्र चोख जाते. बाई कारखान्यावर गेली, गटाच्या बैठकीला नाही आली, हप्ता चुकला, की गावात कधी बँकेची पायरी न चढलेल्या त्या बाईची पत मुंबईत घसरते. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली होती. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता, म्हणून तो वणवा इथवर आला नाही. आजच्या खतांना तर काडीही लावता येत नाही.

उचल घेऊन पळणारे नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. उचल बुडाल्याने ट्रॅक्टर विकून बसलेले वाहतूकदार याच तालुक्यात आहेत. म्हणून काही शहाणे सुचवतात, उचलही सिबिलला जोडा. खबरदार! आगाऊ पैशांच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्या पैशाची नोंद पतअहवालात गेली तर मुकादमाच्या हातातल्या दोरीला सरकारी गाठ बसेल. नोंद करायची तर कमाईची करा. कुठल्या टोळीने कुठल्या तारखेला किती टन ऊस आणला, हे कारखान्याच्या काट्यावर किलोपर्यंत नोंदलेले असते. फक्त तोडणाऱ्याचे नाव तिथे नसते. ते नाव टाका, मजुरी थेट त्या नवऱ्याच्या आणि त्या बायकोच्या स्वतंत्र खात्यात जमा करा. टनामागे दहा रुपये कारखान्यांचे आणि तेवढेच सरकारचे घेऊन गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे करायचे ठरले ना? मग या कमाईचा दाखला त्या महामंडळाने द्यावा आणि बँकांनी तो पत म्हणून मानावा. रांजणीचा नॅचरल शुगर आमच्याच तालुक्यात आहे. सुरुवात तिथूनही होऊ शकते.

तोवर कळंबकरांना आमचे सांगणे आहे. बँकेच्या खिडकीवरचे तोंडी "नाही" ऐकून परत फिरू नका. कर्ज नाकारण्याचे मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. ते कागदावर, शिक्क्यानिशी मागा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, तो काढा. त्यात चूक असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा क्रमांक 14448 आहे. आणि तो लेखी नकार हातात पडला की त्याची एक प्रत तहसीलदारांच्या टेबलावर ठेवा, दुसरी आमच्याकडे आणून द्या. आम्ही ती शाखेच्या नावासह छापू.