मोडलेला पाय आणि सावडीची वही



बरेच दिवस शेताची नोंद टाकली नाही. गेल्या खरिपात चिखळणी करताना माझा उजवा पाय पॉवर टिलरखाली सापडला. नडगीचं हाड मोडलं, पात्यांनी पोटरी फाटली. ऑपरेशन करून आत सळी टाकली. आता काठी टेकत बांधापर्यंत जातो.

चूक माझीच. खाचराच्या कोपऱ्यात टिलर मागे घ्यायचा होता. रोटर न्यूट्रल न करताच रिव्हर्स टाकला. रिव्हर्समध्ये हँडल वर उचलतं, चिखलातून पाय लवकर निघत नाही आणि पाती आपल्याच अंगावर येतात. पंधरा वर्षं टिलर चालवतोय, तरी त्या दिवशी घाई नडली. रोटर बंद केल्याशिवाय टिलर मागे घ्यायचा नाही, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. आणि लागलंच तर जखमेवर हळद, चुना, माती काही थापू नका. स्वच्छ फडकं दाबून बांधा, पाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

आता मूळ मुद्दा.

दवाखान्यात जो भेटायला येई तो म्हणे, "देवाचे आभार मान, पायावर निभावलं." लगेच दुसरं वाक्य, "इर्शाळवाडी आठव. त्यांच्यापेक्षा तुझं बरंच बरं." सांगणाऱ्याचं मन चांगलं होतं, पण मला राग यायचा. आमच्या अंगणातून इर्शाळगड दिसतो. 19 जुलै 2023 च्या रात्री तिथे दरड आली. 84 माणसं गेली, त्यातली 57 तर मातीतून बाहेरही काढता आली नाहीत. चौकच्या बाजाराला येता-जाता भेटणारी माणसं ती. त्यांचं घर गाडलं गेलं म्हणून मी माझ्या पायाबद्दल समाधान मानायचं? हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर मोजलेलं समाधान हे समाधान नव्हे. आणि पाय दुखतो तो दुखतोच.

मला उपकार कळले ते वेगळ्या रीतीने.

अपघात झाला तेव्हा राबातलं आवण वीस दिवसांचं होतं. वाण कर्जत-3, म्हणजे हळवं. एकवीस ते पंचवीस दिवसांत लावलं तर ठीक, नाहीतर रोप राबातच जून होतं आणि पुढे फुटवे कमी धरतं. हे तुम्हाला सांगायला नको. मी खाटेवर पडून एकेक दिवस मोजत होतो. पैसे देऊन सुटलो असतो, पण त्या आठवड्यात मजूर कुठे मिळतो? प्रत्येकाची आवणी एकाच वेळी.

पाचव्या दिवशी सकाळी घरून फोन आला. मंडळी म्हणाली, "अहो, शेतात माणसं उतरलीत. चिखळणी पण झाली."

"कोणी केली?"

ती जरा थांबली, मग नाव सांगितलं. ज्या शेजाऱ्याशी माझं बांधावरून सहा वर्षं बोलणं नाही, तोच आपला टिलर घेऊन आला होता. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. दोन दिवसांत सगळं लावून झालं.

घरी आल्यावर मी वही काढली. कोण आलं, किती दिवस आलं, मंडळीला विचारून लिहिलं. नऊ घरांतली चौदा माणसं. नऊ जण दोन्ही दिवस, पाच जण एकेक दिवस. तेवीस दिवसांचं काम. आकडा डोळ्यांसमोर आला तेव्हा रडू आलं, खरं सांगतो. "देवाची कृपा" म्हटलं की सगळं एका शब्दात संपतं. वहीत लिहिलं की कोणाचं किती देणं आहे ते दिसतं.

आपल्याकडे याला सावड म्हणतात आणि सावड फेडायची असते. पाय प्लास्टरमध्ये, कापणीला वाकता येईना. मग ओसरीत बसून पेंढा भिजवून भारे बांधायचे बंध वळले, नऊही घरांचे. विळ्यांना धार लावून दिली. शेजाऱ्याचे बंध पोरासोबत पाठवले. संध्याकाळी तो येऊन ओसरीवर बसला, चहा प्याला. बांधाचं काही बोललो नाही. तो वाद अजून आहे, मोजणी मागवू. उपकार मानले म्हणजे हक्क सोडला असं नाही, एवढं आम्हा दोघांनाही कळतं.

पडल्या-पडल्या मुरलीकांत पेटकरांबद्दल वाचलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अधू झाले. सैन्यात बॉक्सिंग करणारा माणूस उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. पॅरालिम्पिकमधलं देशाचं पहिलं सुवर्ण. 2018 ला पद्मश्री. जिद्द त्यांचीच. पण परदेशी जाण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत केली होती, ही गोष्टही तेवढीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकटा माणूस उठत नाही, कोणीतरी हात देतं.

आता माझं मत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक अवयव गेला तर 1 लाख. योजना चांगली, ज्याच्यावर वेळ येईल त्याने तालुका कृषी कार्यालयात अर्ज करावाच. पण पाय मोडून पाच महिने खाटेवर गेले तर त्यात बसत नाही. त्या पाच महिन्यांचा विमा म्हणजे सावडच. आणि हायवेच्या बाजूने प्लॉट पडत चाललेत. जमीन विकली की ते घर आवणीतून गेलं, म्हणजे सावडीतूनही गेलं. माझ्यावर हीच वेळ दहा वर्षांनी आली तर नऊ घरं निघतील का, सांगता येत नाही.

म्हणून म्हणतो, येत्या मृगाआधी प्रत्येक आळीने बसून ठरवावं. ऐन आवणीत किंवा कापणीत कोणी आजारी पडलं तर घरटी दोन दिवस द्यायचे, भांडण असलं तरी द्यायचे, आणि वहीत लिहायचे. आमच्या आळीची वही मी सांभाळतो. सध्या बसूनच असतो.