गर्भिणी व बालकांची औषधे : वैद्य म्हणून आणि आई म्हणून

वैद्याच्या घरात बाळाची चाहूल लागली की औषधे विकत आणावी लागत नाहीत, ती आपोआप घरी येतात. कंपन्यांचे प्रतिनिधी नमुने ठेवून जातात, नातेवाईक शतावरी कल्पाचे डबे आणतात आणि शेजारच्या आजी आपल्या नातवाला लागू पडलेल्या घुटीची बाटली आवर्जून धाडतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत असे एक कपाट भरले होते. त्या कपाटातील प्रत्येक वस्तूकडे मी आधी वैद्य म्हणून पाहिले आणि नंतर आई म्हणून. या दोन पाहण्यांत जे अंतर पडले, ते व्यवसायबंधूंपुढे व औषधी विक्रेत्यांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जे चांगले, ते आधी सांगते. बाळाला व बाळंतिणीला तिळाच्या तेलाचा अभ्यंग, प्रसूतीनंतर डिंकाचे व आळिवाचे लाडू, बाळंतशेपा, या गोष्टींविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्या आपल्या घरात टिकल्या आहेत आणि टिकाव्यात. शतावरीवरही माझा विश्वास आहे, परंतु शतावरी कल्पावर तेवढा नाही. डब्यावरील घटकांची यादी वाचली तर त्यात साखरेचेच प्रमाण सर्वाधिक आढळते. गर्भावस्थेतील मधुमेह आज आपल्या बाह्यरुग्ण विभागात नित्य दिसतो. अशा स्त्रीला "दोन चमचे सकाळ-संध्याकाळ" सांगण्यापूर्वी तिचा रक्तशर्करेचा अहवाल पाहणे आवश्यक आहे. अशा रुग्णांना मी शतावरीचे चूर्ण दुधातून देते. चव लागत नाही म्हणून काही जणी नाराज होतात, ते सोसते.

कपाटातील एका लहानशा डबीविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. ती डबी गर्भपाल रसाची.

पहिल्या खेपेला आठव्या आठवड्यात मला किंचित रक्तदर्शन झाले. ज्यांच्या शब्दाबाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता अशा एका ज्येष्ठांनी गर्भपाल रस सुरू करण्यास सांगितले. मी तो सहा आठवडे घेतला. स्राव थांबला, पुढे सर्व सुरळीत झाले आणि आज ती मुलगी महाविद्यालयात शिकते आहे. त्यानंतर कित्येक वर्षे मी हाच कल्प माझ्या रुग्णांना निःशंकपणे लिहून दिला. स्वानुभवाएवढा पुरावा दुसरा कोणता, असे तेव्हा वाटे. आज वाटते की त्या अनुभवातून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत अल्प रक्तस्राव झालेल्या अनेक गर्भिणींचा स्राव आपोआप थांबतो व गर्भ सुखरूप वाढतो. ज्यांचा गर्भ टिकत नाही, त्यांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तेथे कोणताही रस उपयोगी पडत नाही. पहिल्या गटात श्रेय औषधाला मिळते आणि दुसऱ्या गटात दोष दैवाला दिला जातो.

गर्भपालाचे घटक आपणा सर्वांना पाठ आहेत. त्यात हिंगूळ आहे, नागभस्म आहे, वंगभस्म आहे, लोहभस्म आहे. त्रिकटु, त्रिजात, द्राक्षा, देवदार ही पुढची नावे सौम्य वाटतात, परंतु नाग म्हणजे शिसे आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज, हे तथ्य त्यामुळे बदलत नाही. शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते. आईच्या अस्थींत ते वर्षानुवर्षे साठून राहते आणि गर्भावस्थेत अस्थींतून कॅल्शियम सुटू लागले की त्याबरोबर तेही रक्तात उतरते. बालकाच्या मेंदूसाठी रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. शिवाय शरीरात लोहाची कमतरता असेल तर शिशाचे शोषण वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भिणींत पांडुता आढळली. म्हणजे ज्या स्त्रीला आपण हा कल्प देतो, तीच तो अधिक शोषून घेण्याच्या स्थितीत असण्याचा संभव मोठा.

यावर आपल्या क्षेत्रातून येणारे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मीही देत असे. योग्य शोधन-मारण केलेले भस्म हे कच्चे शिसे नव्हे आणि वारितर, रेखापूर्ण, निरुत्थ, अपुनर्भव या परीक्षा त्यासाठीच आहेत, हे ते उत्तर. रसशास्त्रकारांच्या सूक्ष्म दृष्टीविषयी मला आदर आहे. परंतु या परीक्षा भस्म किती सूक्ष्म झाले आणि त्यातून मूळ धातू पुन्हा निघतो का, एवढेच सांगतात. आमाशयातील आम्लात त्यातील किती अंश विरघळतो व तो गर्भापर्यंत जातो की नाही, हे त्या सांगत नाहीत. आणखी एक गोष्ट. आपल्यापैकी किती जण डबी उघडून वारितर परीक्षा तरी करून पाहतात? विद्यार्थिदशेत प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी केली, त्यानंतर मी स्वतः ती कधी केली नव्हती.

परदेशातील एक नोंद येथे सांगणे अवश्य आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने शिशाच्या विषबाधेच्या सहा रुग्णांचा तपास केला. सहाही स्त्रिया परदेशात जन्मलेल्या व गर्भवती होत्या आणि भारतात तयार झालेली आयुर्वेदिक औषधे पोटात घेत होत्या. तेथे प्रसूतिपूर्व तपासणीत शिशाच्या संपर्काची विचारणा करणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ही प्रकरणे उघडकीस आली. त्यांच्या रक्तातील शिसे प्रति डेसिलिटर १६ ते ६४ मायक्रोग्रॅम होते. औषधांतील शिशाचे प्रमाण २.४ टक्क्यांपर्यंत आढळले. निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांसाठी आपल्याच शासनाने २००५ च्या आदेशान्वये शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग अशी ठरविली आणि ती १ जानेवारी २००६ पासून लागू केली. २.४ टक्के म्हणजे दशलक्षात २४,००० भाग. रसकल्पांना ती मर्यादा लागू नाही, हे खरे. गर्भाला मात्र हा भेद कळत नाही. अशी विचारणा आपल्या पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात किंवा शहरातील प्रसूतिगृहात होत नाही. मलाही ती कोणी केली नव्हती.

हा टीकेचा सूर पाश्चात्त्यांकडून उसना घेतला आहे, असे कोणी म्हणू नये म्हणून आपल्याच संहितेकडे वळते. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात मासानुमासिक गर्भिणी परिचर्या सांगितली आहे. पहिल्या महिन्यात साधे दूध, दुसऱ्यात मधुरौषधसिद्ध दूध, तिसऱ्यात मध-तुपासह दूध, चौथ्यात दुधासह लोणी, पाचव्यात दुधापासून काढलेले तूप, सहाव्या-सातव्यात मधुरौषधसिद्ध घृत, आठव्यात दुधातील यवागू व नवव्यात अनुवासन आणि तैलपिचू. या संपूर्ण क्रमात एकही धातू नाही. गर्भिणीला रक्तदर्शन झाल्यास काय करावे, हेही त्याच अध्यायात आहे. मृदू, शीतल शय्येवर विश्रांती, यष्टिमधुसिद्ध घृताचा पिचू, शीत उपचार. तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे तसे गर्भिणीला सांभाळावे, असे सांगणारे आचार्य तिच्या पोटात काय घालावे याबाबत किती संयमी आहेत, हे पुन्हा वाचण्यासारखे आहे. रसकल्प नंतरच्या काळातील आहेत. ते नंतरचे आहेत म्हणून त्याज्य ठरत नाहीत, पण गर्भिणीसाठी ते अपरिहार्य आहेत असे म्हणण्यास संहितेचा आधार नाही.

शिशाहूनही तातडीचा धोका वेगळाच आहे. रक्तस्राव होताच घरातील माणूस दुकानातून डबी आणतो आणि आठ दिवस वाट पाहिली जाते. तो स्राव गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेचा असेल तर ते आठ दिवस जिवावर बेततात. सोनोग्राफी झाल्याखेरीज अशा स्त्रीला कोणतेही गर्भस्थापक औषध द्यायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. गर्भपाल तर मी पूर्णपणे बंद केला आहे.

आता बालकांकडे वळू. बाळगुटीविषयी माझे मत अनेकांना परस्परविरोधी वाटेल. सहाणेवरची गुटी मला बुद्धिमान उपचार वाटतो आणि बाटलीतली गुटी मला अजिबात मान्य नाही. माझी आई गुटी उगाळताना आधी लंगोट पाही. शौचाला चिकट झाली असेल तर त्या दिवशी मुरुडशेंगेचे वेढे जास्त, खडा झाला असेल तर हिरड्याचा एक वेढा वाढवायचा, पोट फुगले असेल तर डिकेमाली आणि वावडिंग, सर्दी असेल तर काकडशिंगी, अतिविष. जायफळाला अर्ध्या वेढ्याच्या वर हात जात नसे. वेढा हे तिचे मात्रेचे माप होते आणि त्या दिवशीचे बाळ हे तिचे निदान होते. हीच द्रव्ये कुटून पुडीत किंवा साखरेच्या पाकात बाटलीत भरली की मात्रा व निदान दोन्ही नाहीसे होतात. उरते ते फक्त "रोज पाच मि.लि.". वेखंड, जायफळ ही द्रव्ये रोज, सर्व बाळांना, सरसकट देण्याची नव्हेत.

त्यातही पहिले सहा महिने केवळ स्तन्य, हा आजचा शास्त्रसंमत आग्रह मला पटलेला आहे. धाकट्याच्या वेळी मी सहा महिने गुटी दिली नाही. आईला ते आवडले नाही. सहाण पुसून फळीवर ठेवताना ती काही बोलली नाही, एवढेच. परंतु सहाण, पाणी आणि हात यांची स्वच्छता प्रत्येक घरात तिच्यासारखी नसते, हे अतिसाराची बाळे पाहणाऱ्या कोणासही सांगावे लागू नये.

बाळ शांत झोपले म्हणजे औषध लागू पडले, हा समज फार जुना व फार घातक आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या माता कामावर जाताना तान्ह्या बाळांना अफूयुक्त बाळागोळी देत. बाळ झोपत असे. १८५१ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या ग्राइप वॉटरच्या मूळ कृतीत मद्यार्क होता. तेव्हाही बाळ झोपत असे. म्हणून एखादी आई "या बाटलीने छान झोपतो" असे सांगते, तेव्हा मी आनंदित न होता बाटली मागवून घटक वाचते. मागे एकदा अशा एका बाटलीवर घटकांची अक्षरे इतकी बारीक होती की मुलीच्या शाळेतील भिंग आणून ती वाचावी लागली.

सुवर्णप्राशनाविषयी थोडक्यात. काश्यपसंहितेतील लेहाध्यायाचा आधार आपण सर्व जण देतो, पण कोणत्या बालकांना लेह द्यावे व कोणत्यांना देऊ नये याचा विचारही त्याच अध्यायात आहे, हे पुष्य नक्षत्राच्या शिबिरात रांग लावताना आपण विसरतो. दुसरा प्रश्न मधाचा. मधातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम होऊ शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ एक वर्षापर्यंत मध वर्ज्य सांगतात. हा रोग विरळा आहे, हे मान्य. परंतु झाला तर श्वसन थांबते. माझ्या मुलाला मी सुवर्णप्राशन वर्षानंतरच दिले आणि इतरांनाही तसेच सांगते. यामुळे शिबिरातील संख्या घटते, हे एका सहकाऱ्याने मला स्पष्टपणे बोलूनही दाखविले आहे.

औषधी विक्रेत्यांना एक विनंती. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, त्यामुळे काउंटरवरचा विवेक हाच काय तो अडसर आहे. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी घातली. घुटीच्या बाटलीला तो कायदा लागू होत नाही. हिंगुळासारखे अनुसूची ई-१ मधील द्रव्य असलेल्या औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना नियम १६१ नुसार बंधनकारक आहे, पण ती इंग्रजी व हिंदीत असते आणि डबीच्या आकारामुळे दिसतही नाही. ती सूचना विक्रेत्याने मराठीत तोंडी सांगावी आणि चिठ्ठीशिवाय डबी देऊ नये. "दहावर दोन" अशी योजना ज्या कल्पावर असेल, तो कल्प तरी गर्भिणीसाठी पुढे करू नये.

आमच्या भागातील एका विक्रेत्याशी मी याबाबत दोनदा बोलले. पहिल्या वेळी त्यांनी "मॅडम, मी नाही दिले तर पुढच्या दुकानात मिळेल" असे सांगितले, आणि ते खरेच होते. दुसऱ्या वेळी मी न्यूयॉर्कच्या त्या नोंदीचे मराठी टिपण सोबत नेले. त्यांच्या सुनेला तेव्हा पाचवा महिना होता. त्यांनी टिपण दोनदा वाचले आणि काउंटरवरच्या काचेतील गर्भपालाच्या डब्या काढून आतल्या कपाटात ठेवल्या. पुढच्या दुकानदाराशी बोलणे अद्याप बाकी आहे. संघटनेच्या आगामी सभेत हा विषय घ्यावा, असे पत्र मी कार्यकारिणीस दिले आहे.