तिथी कोणती धरायची?

पितृपक्ष लागला की गुरुजी पहिला प्रश्न विचारतात, 'तिथी कोणती?' दिल्लीच्या पहाडगंजातल्या मराठी घरांतही हाच प्रश्न येतो. नवी दिल्ली स्टेशनाला लागून असलेली ही गजबजलेली वस्ती मराठी माणसाला परकी नाही. बृहन्महाराष्ट्र भवन इथलंच, नूतन मराठी शाळाही इथलीच. गेलेल्या माणसाची तिथी असते, पान वाढता येतं, डोळे पुसता येतात. पण जो गेला की आहे हेच कळलं नाही, त्याची तिथी कोणती धरायची? हा प्रश्न दिल्लीतल्याच एका मराठी बाईंच्या वाट्याला आला.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हवाई दलाच्या ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ चालवत. एक इंजिन आणि एकच वैमानिक असलेलं हे रशियन बनावटीचं विमान जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करण्यासाठी वापरत. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. पुढच्या दोन दिवसांतच पाकिस्तानी पंजाबातल्या शोरकोट रोडच्या हवाई तळावर चालून गेलेले तांबे परतले नाहीत.

मागे राहिल्या दमयंती. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

रडायचं, तर हाती एक बातमी होती. ढाक्याच्या 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर'ने ५ डिसेंबर १९७१ च्या अंकात छापलं होतं, की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेले. त्यात नाव होतं 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे'. एका अक्षराचा घोळ, पण घरच्यांना ओळख पटायला तेवढं पुरेसं होतं.

१९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे पकडलेल्या सैनिकाचं नाव शत्रूने कळवायचं असतं. यादीत नाव आलं, की तो युद्धकैदी ठरतो. नाही आलं, तर त्याला शोधायचं तरी कुठे? डिसेंबर १९७२ मध्ये वाघा सीमेवरून आपले सहाशेवर युद्धकैदी परत आले. भारतानेही ताब्यातले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक आणि नागरिक १९७४ पर्यंत टप्प्याटप्प्याने सोडले. तांबे मात्र आले नाहीत. पाकिस्तानचं म्हणणं एकच, असे कैदी आमच्याकडे नाहीत.

पण तांबे एकटे नव्हते. बेपत्ता जवानांच्या सरकारी यादीत पुढे ५४ नावं झाली. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानचा तुरुंग पाहून आले. जून २००७ मध्ये चौदा नातलगांनी पाकिस्तानातले दहा तुरुंग पाहिले. त्यात दमयंतीबाईही होत्या. छत्तीस वर्षांनी, ज्यांचा चेहराही बदलला असेल, त्या माणसाला शोधत. हाती काही लागलं नाही.

सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याला मृत मानण्याची सोय कायद्यात आहे. मनाला ती सोय नाही. दमयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली, मुलांना खेळात तयार केलं आणि उरलेला वेळ अर्ज, पत्रं, मंत्रालयं यांत घातला. वीरपत्नीला लोक नमस्कार करतात. बेपत्ता जवानाच्या बायकोला मात्र समोरचा माणूस काय बोलावं या पेचात पडतो, आणि बहुतेक वेळा विषय बदलतो.

दरवर्षी १६ डिसेंबरला विजय दिवस साजरा होतो. त्या दिवशी हुतात्म्यांच्या नावे हात जोडले जातात, ते योग्यच आहे. पण या ५४ जणांना श्रद्धांजली वाहणं म्हणजे त्यांच्या घरच्यांच्या वतीने परस्पर निर्णय देऊन टाकणं. म्हणून त्यांची नुसती आठवण काढावी. नाव मात्र नीट घ्यावं. टॉम्बे नव्हे, तांबे. विजय वसंत तांबे.